धनुष्याची पाठ

मलकापूरला मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, गावाकडे कोण कोण असतं तेही नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "पोरी, हे दार लावून दाखव."

मी दार लावलं.

"आता उघड."

उघडलं.

"आपटत नाईस," ते म्हणाले. "राह्य मंग."

मी तिथे चार वर्षं राहिले. कृषी कार्यालयातली माझी पहिलीच नोकरी. माझं स्वतःचं घर मेहकरजवळच्या एका खेड्यात. काका म्हणजे हे घरमालक. कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला होता आणि निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. जिनिंग सुटलं तरी फिटरकी सुटली नव्हती. लोकांच्या खिशात पेन असतो तसा त्यांच्या खिशात पेचकस असे. गल्लीतल्या कोणाच्याही फाटकाचा स्क्रू ढिला दिसला की न विचारता पिळायचे आणि पुढे चालायला लागायचे. एकदा एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे नवरा-नवरीच्या मखमली खुर्चीखाली आडवे झाले. फोटोग्राफर म्हणाला, "काका, पाय बाजूले घ्या." हे खालून म्हणाले, "थांब न बाप्पा. बोल्ट निघेल हाये. आता नवरदेव बसन अन् पाठीवर पडन." त्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट, दोन भटजी आणि खालून बाहेर आलेले काकांचे दोन पाय आहेत, असं काकू सांगायच्या.

यंत्राचं दुखणं त्यांना माणसाच्या आधी कळायचं. मी तापाने दोन दिवस पडून होते, तेव्हा काकू पेज घेऊन वर आल्या. मागोमाग काका आले. दारातच थांबून त्यांनी कान वर केला. "तुह्या पंख्याचं बेअरिंग रडून राह्यलं," ते म्हणाले. "तुले ऐकू येत नाई का?" आणि पंखा उतरवून घेऊन गेले. मे महिन्यात, तापात, मी बिनपंख्याची पडून राहिले. संध्याकाळी पंखा परत आला तेव्हा तो फिरतोय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं, इतका शांत.

'चालतंय' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. "चालते म्हंजे काय? बरोबर चालते का नुसतं चालते?" हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकलं असेल. दूधवाल्याला, मिस्त्रीला, काकूंच्या शिलाई मशीनला आणि मला.

त्यांना एक मुलगी होती. मेहकरला एका खाजगी ऑफिसात नोकरी करायची. माझ्याच वयाची. पहिल्या दोन वर्षांत मी तिला एकदाही त्या घरात पाहिलं नाही. तिचा फोन यायचा तो काकूंच्या मोबाइलवर. काकू बोलत असताना काका उठून मागच्या ओसरीत जायचे आणि तिथे काहीतरी घासत बसायचे. घासायला काही नसलं तर कानसच ब्रशने साफ करायचे. मी विचारलं नाही. भाडेकरूने काय काय विचारायचं नाही, हे मला आईने निघतानाच सांगितलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काका एके सकाळी बाहेर पडले आणि मोपेडला बैलगाडीची एक जुनी दांडी लांबीने बांधून परत आले. पुढे चार हात, मागे चार हात लाकूड. रस्त्याने लोकांना कसं चुकवत आले त्यांचं त्यांना ठाऊक. दांडी त्यांनी धामणगाव बढ्याच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून आणली होती.

"धामणीचं लाकूड हाये," ते मला म्हणाले. "वाकते पण मोडत नाई. अन् धामणगावात नाई भेटणार त मंग कुठी भेटन? नावच त्याच्यावरून हाये."

"सापावरून असन," काकू आतून म्हणाल्या.

"झाडावरून हाये."

"बरं," काकू म्हणाल्या. ते लाकूड ओसरीत आलं त्या दिवसापासून काकूंनी ओसरीत यायचं बंद केलं. तिकडची तुळस वाळली.

त्या दांडीतून काका धनुष्य बनवणार होते. मला हसू आलं. पण ते ज्या पद्धतीने मोबाइलवर परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघत, ते पाहून हसू थांबायचं. आवाज पूर्ण बंद करून फक्त हात बघायचे. एक रंधा मारला की थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा बघायचे. मग वहीत रेघ काढायचे. सुट्टीच्या दिवशी मी चहा घेऊन ओसरीत बसायचे, आणि ते मला समजावून सांगायचे.

"हे जे आपल्या अंगाकून असते ना, हे धनुष्याचं पोट. अन् समोर असते ते पाठ. वढलं का पोट दबते, पाठ ताणते. तुटते ते पाठीतूनच तुटते. म्हणून पाठीवर दुसरी पट्टी चिकटवाची. बांबूची. बांबूची साल बाहेरून ठेवाची, तिले खरवडाचं नाई. मंग लाकडाचा एखादा धागा उठलाच त पट्टी त्याले दाबून धरते. उडू देत नाई."

"आणि घासायचं कुठून?"

"पोटातून. फक्त पोटातून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाठीले हात लावायचा नाई. समजलं?"

मला कशाला लावायचाय हात, असं मनात आलं. पण त्यांचा आवाज असा होता की मी "हो" म्हटलं.

दांडी चिरून, रंधून त्यांनी माझ्या उंचीएवढी पट्टी काढली. टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्तीतून जाड बांबू आणला, उभा फोडला, त्याची आतली बाजू सपाट केली. ती इतकी सपाट की काचेवर ठेवून खालून कागद जातो का बघायचे. कागद गेला की पुन्हा रंधा. असं आठ दिवस. मग दुकानातल्या दोन ट्यूबांमधला डिंक एकमेकांत कालवून बांबू लाकडावर बसवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्याला करकचून गुंडाळलं. गावातल्या पंक्चरवाल्यांकडची सगळी रद्दी त्या ओसरीत आली होती. गुंडाळलेलं धनुष्य खाटेवर आडवं ठेवलं तेव्हा ते पट्ट्या बांधलेल्या माणसाच्या पायासारखं दिसत होतं. दोन दिवस त्यांनी कोणालाही त्या खाटेवर बसू दिलं नाही.

ट्यूबा सोडल्या आणि खरं काम सुरू झालं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. भिंतीवर खाचा पाडलेली फळी ठोकली, त्यावर धनुष्य अडकवलं, खालून कप्पीने दोरी ओढली. काका लांब जाऊन, एक डोळा मिटून उभे राहायचे. "डावी बाजू आळशी हाये." मग पोटातून चार हात कानस. पुन्हा फळीवर. पुन्हा लांब. एका वेळी लाकडाचा भुगा निघायचा तो चिमूटभर. असा सगळा पावसाळा गेला.

ऑक्टोबरच्या एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. सुताने माझे दोन्ही हात पसरून मापले, हनुवटीपासून मुठीपर्यंत मापलं.

"तुही ताकद तिच्याएवढीच असन," ते पुटपुटले.

"कोणाच्या?"

त्यांनी सूत गुंडाळून ठेवलं. जिनिंगमधल्या वेल्डिंगचा जाड चष्मा आणला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला. पट्टा मागून ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. वर मोटारसायकलचं हेल्मेट. मला हसू आवरेना. "काका, मी चंद्रावर चालले का?"

"हसू नको. वढ."

मी ओढलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कानांवर ठेवून उभे होते. धनुष्य माझ्या हातात गोल झालं, हनुवटीला दोरी टेकली, आणि काही म्हणजे काही आवाज झाला नाही. मी हळूच दोरी सोडत परत आणली.

"झालं?" भिंतीकडेच बघत त्यांनी विचारलं.

"झालं. किती सोपं गेलं, काका!"

ते वळले. मला वाटलं होतं, आता हे खूश होतील. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. दवाखान्यात नाव पुकारल्यावर माणूस उठतो, तसा.

त्यानंतर ते रोज सकाळी स्वतः ओढू लागले. चहा झाला की वीस वेळा. ओसरीच्या भिंतीवर पेन्सिलने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. बाण एकही नाही, बाण त्यांनी केलाच नव्हता. दिवाळीपर्यंत अर्धी भिंत भरली. थंडीत ते धनुष्य दहिवराने ओल्या झालेल्या गच्चीवर ठेवायचे आणि सकाळी ओढायचे. उन्हाळ्यात दुपारभर पत्र्यावर टाकायचे, हात भाजेल इतकं तापलं की उतरवून ओढायचे. हनुवटीपर्यंत ओढायचं असतं, ते त्यापेक्षा चार बोटं जास्त ओढायचे. एकदा मी वरून बघितलं, ते दातओठ खाऊन ओढत होते.

"काका, झालं की आता! मस्त झालंय. अजून किती तपासाल?"

"तुटून नाई राह्यलं," ते म्हणाले.

"मग चांगलंच आहे ना?"

"चांगलं हाये?" त्यांनी मलाच विचारलं.

काकूंनी मला सांगितलं ते त्या उन्हाळ्यात, पापड वाळत घालताना. मी विचारलंही नव्हतं. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"पोरगी अकरावीत होती. तिरंदाजीच्या संघात होती शाळेच्या. सरावाले बांबूचं धनुष्य भेटलं होतं, ते तिले जड जाये. ह्यायले म्हणे, बाबा, जरा हलकं करून द्या न. ह्यायच्या हाताची गावात वाहवा होती, तिलेही लय गर्व. ह्यायनं एका दुपारी घासून देल्लं. पण बाहेरून घासलं. पाठीकून. मुठीजवळ आतून कानस बसत नव्हती म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं मैदानावर वढलं अन्..." त्यांनी एक पापड उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "चिरफळी गेली. उजवा डोळा. आता काचेचा हाये."

मला ते हेल्मेट आठवलं. तो पट्टा, दोनदा ओढून पाहिलेला. मी हसले होते.

"मग हे धनुष्य त्यांनी का..."

"मले आधी वाटलं तिच्यासाठी बनवून राह्यले. नाई." काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हे तुटावं म्हणून बनवलं. इतकं नीट करून, पाठ लावून, वर्षभर झटून बी तुटलं, त मंग ते तवाचं बी तुटणारच होतं. कोणाच्या हातात नव्हतं. हे वाट पाहून राह्यले, आज तुटन, उद्या तुटन. अन् ते तुटत नाई. आता मी काय करू, सांग."

मी गप्प बसले नाही, आणि ते माझ्याकडून झालं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

पुढच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी मेहकरला मुद्दाम उतरले आणि तिच्या ऑफिसात गेले. ती माझ्याशी फार चांगलं वागली. बाहेर टपरीवर चहा पाजला. डोळा काचेचा आहे हे माहीत असूनही कळायला वेळ लागला.

"बाबांवर राग आहे का तुझा?" मी विचारलं.

"राग?" ती म्हणाली. "मीच तर मांगे लागली होती त्यायच्या. मीच म्हटलं, हलकं करा. राग कायचा? पण बाबा माह्याकडं पाहत नाईत. तवापासून. पायाकडं पाहून बोलतात. घरात शिरली का ओसरीत जातात. मी तथी बसून माह्याच पायाकडं पाहत राहू का? म्हणून जात नाई."

मी तिला धनुष्याबद्दल सांगितलं. काकूंनी जे सांगितलं होतं ते नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की बाबांनी फार सुंदर वस्तू बनवली आहे, एकदा येऊन बघ. मला वाटलं, ती येईल, ते हातात घेईल, दोघं बोलतील. आपण सव्वीस वर्षांचे असतो तेव्हा आपल्याला वाटतं, माणसं समोरासमोर आली की बाकीचं आपोआप होतं.

ती आली. अक्षय्य तृतीयेला, सकाळच्या बसने. काकूंनी पुरण घातलं होतं, चिंच-गुळाची चिंचवणी केली होती. काका ओसरीत होते. ती थेट तिथेच गेली, मी आणि काकू दारात उभ्या.

"बाबा, दाखवा न."

त्यांनी तिच्या पायांकडे बघत धनुष्य दिलं. मग तो वेल्डिंगचा चष्मा शोधू लागले. तिने तोवर उचललंही होतं. तिच्या बोटांना सगळं आठवत होतं. उभं राहणं, खांदा, कोपर. काका झटक्याने भिंतीकडे वळले.

"बाबा, इकडं पाहा न."

ते वळले नाहीत.

"बाबा."

ते वळले. तिने डाव्या डोळ्याने नेम धरून धनुष्य पूर्ण ओढलं. काका तिच्या तोंडाकडे बघत होते. सरळ, दोन्ही डोळ्यांकडे, दहा वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी माझं मनगट धरलं होतं ते मोडतंय असं वाटलं. मुलीने दोरी हळू परत आणली आणि हसली. खरंच हसली, अकरावीतल्या मुलीसारखी.

"किती मस्त बनवलं हो बाबा! लोण्यासारखं वाकते." तिने बांबूच्या पाठीवरून बोट फिरवलं. "एवढी पट्टी लावाचीच बात होती न? हे असं तवाच बनवता आलं असतं."

तिच्या मनात काही नव्हतं. वाक्य संपल्यावर तिला कळलं. तिचा हात पट्टीवर तसाच थांबला.

"हाव," काका म्हणाले. "आलं असतं."

"बाबा, मी तसं नाई म्हटलं..."

"नाई नाई. बरोबर हाये." त्यांनी धनुष्य तिच्या हातातून घेतलं, दोरी उतरवली, कोपऱ्यात उभं केलं. "जेवून घे. बस चुकन."

जेवणं झाली. ती दुपारच्या बसने गेली. पाया पडली तेव्हा काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काढायचं विसरले. काकूंनीच काढला. ती जिन्याखाली माझ्याशी बोलायला थांबली नाही. मीही खाली गेले नाही.

त्यानंतर त्यांनी ओढणं बंद केलं. भिंतीवरच्या रेघा तिथेच थांबल्या, शेवटच्या गठ्ठ्यात तीनच उभ्या. मोरीतला नळ थेंब थेंब गळायला लागला. आठवडाभर गळला, पंधरा दिवस गळला. शेवटी काकूंनी बाहेरचा प्लंबर बोलावला. काका खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होते. त्याने वॉशर उलटं बसवलं, हे मलासुद्धा दिसलं. ते काही बोलले नाहीत. मुलीचा फोन येतच राहिला, काकूंच्या मोबाइलवर. आता ते उठून ओसरीत जात नव्हते. तिथेच बसायचे, आणि फोन त्यांच्या हातात दिला की "हाव, बरा हाये" म्हणून परत द्यायचे.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी किल्ली द्यायला खाली गेले. काकू देवळात गेल्या होत्या. ओसरीतून करवतीचा आवाज येत होता, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, हात चालायला लागले.

ते धनुष्य कापत होते. अर्ध्या अर्ध्या वितीचे तुकडे करून जमिनीवर ओळीने मांडले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्रमाने. शेवटचा तुकडा पडला. प्रत्येक तुकडा उचलून ते कापलेल्या बाजूला भिंग लावत होते. जिथे बांबू आणि धामण चिकटले होते त्या रेषेवर.

"काय बघताय, काका?"

"फट," ते म्हणाले. "कुठीतरी डिंक कमी पडला असन. आतून पोकळ असन. भायेरून दिसत नाई." त्यांनी भिंग माझ्याकडे केलं. "तू पाह्य. माही नजर कमी झाली."

मी किल्ली बाजूला ठेवली आणि खाली बसले. एकेक तुकडा घेतला. खाली काळसर लाकूड, वर पिवळा बांबू, मधली रेषा केसाएवढी, आणि सगळीकडे सारखी. चौदा तुकडे होते. मी चौदाही पाहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण थांबले तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

सहाव्या तुकड्यावर मी थांबले. "काका," मी म्हटलं, "इथे आहे. ही बघा. इथे बारीक फट आहे."

त्यांनी तुकडा घेतला. खिडकीपाशी नेला. भिंग लावून बराच वेळ पाहिला, मग अंगठ्याच्या नखाने त्या रेषेवरून हळूच ओरखडा काढून पाहिला.

"नाई, पोरी," ते म्हणाले. "ही करवतीच्या दाताची खूण हाये."

आणि तो तुकडा त्यांनी ओळीत, होता त्याच जागी ठेवला.